शपथपत्रात नसलेला रकाना

२९ ऑक्टोबर २०२४. विधानसभेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि त्यात धनत्रयोदशी. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात नोटरीच्या टेबलाभोवती ही गर्दी. माझ्यासमोर साठीच्या आसपासचे एक अपक्ष उमेदवार बसले होते. नमुना २६ चं शपथपत्र मी एकेक रकाना वाचत होतो, ते उत्तरं देत होते. पत्नीच्या अंगावरचं सोनं किती ग्रॅम, दुचाकी कोणत्या सालची, सोसायटीचं कर्ज किती, फेसबुकचं खातं कोणत्या नावानं, कोर्टात केस आहे का. शेवटच्या पानावर आलो तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्यायले आणि विचारलं, "वकीलसाहेब, शुगरचं कुठं लिहायचं जी?"

मी म्हटलं, "कुठंच नाही. तसा रकानाच नाही."

"काहून? बायकोचं मंगळसूत्र विचारते सरकार, अन् माझी बायपास नाही विचारत?"

तीन वाजता खिडकी बंद होणार होती, त्यामुळे मी हसून विषय टाळला आणि त्यांना रवाना केलं. पण प्रश्न काही साधा नव्हता. धन्वंतरीच्याच दिवशी निघाला, हा योगायोग. तेव्हा जे सांगायचं राहून गेलं ते आता सांगतो.

आधी हे शपथपत्र आलं कुठून ते पाहू. २००२ सालापर्यंत उमेदवाराबद्दल मतदाराला कळायचं ते चौकात ऐकलेलं तेवढंच. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मत देणं हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, आणि ज्याला मत द्यायचं त्याची माहिती नसेल तर त्या अभिव्यक्तीला अर्थ राहत नाही. संसदेनं कायद्यात दुरुस्ती करून हा निकाल बोथट करायचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयानं ती दुरुस्ती फेटाळली. तेव्हापासून तीन गोष्टी सांगाव्याच लागतात: गुन्हे, मालमत्ता व देणी, आणि शिक्षण. २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट पक्की झाली. रकाना रिकामा सोडता येत नाही. नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं, नाहीतर छाननीत अर्ज उडू शकतो. म्हणून आम्ही वकील अर्ज भरताना निरंक, निरंक, निरंक असं जपासारखं लिहीत सुटतो.

मग प्रकृती का नाही? राज्यघटना उमेदवाराच्या शरीराबद्दल जवळजवळ गप्प आहे. लोकसभा आणि विधानसभेसाठी वय २५ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. अपात्रतेच्या कलमांत, म्हणजे १०२ आणि १९१ मध्ये, एकच आरोग्याची गोष्ट येते: सक्षम न्यायालयानं एखाद्याला 'मनोविकल' ठरवलं असेल तर. इथे 'न्यायालयानं' हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, शेजाऱ्याच्या म्हणण्यावर किंवा विरोधकाच्या भाषणावर कोणी अपात्र होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच सांगतो: मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाला मनोविकल समजायचं नाही. नैराश्याची गोळी चालू असलेला माणूस खुशाल आमदार होऊ शकतो. होतही असतील. कळणार कसं?

बरं, उद्या रकाना टाकला तर काय होईल? यावर मी बराच विचार केलाय, कारण तो भरायला शेवटी लोक माझ्याकडेच येणार.

पहिली अडचण अशी की गुन्हे आणि मालमत्ता तिसऱ्या माणसाला तपासता येतात. सातबारा काढता येतो, केस नंबर टाकून कोर्टाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. खोटं सापडलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५अ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ईसीजी कोण तपासणार? वैद्यकीय आचारसंहितेनं डॉक्टरचं तोंड बांधलेलं आहे. रुग्णाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज त्याला बोलता येत नाही. अपवाद आहेत ते मोजके. वर २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आहेच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि आरोग्याची माहिती त्याच्या अगदी गाभ्यात बसते.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. ज्यानं आयुष्यात कधी रक्त तपासलं नाही तो छाती काढून 'निरंक' लिहील. आणि जो दर तीन महिन्यांनी तपासण्या करतो, वेळेवर गोळ्या घेतो, पथ्य पाळतो, त्याच्या शपथपत्रात चार आजार दिसतील. प्रत्यक्षात पाच वर्षं काम करायला दुसराच जास्त भरवशाचा. म्हणजे रकान्यानं शिक्षा झाली ती कोणाला, तर काळजी घेणाऱ्याला. माझे ते अपक्ष उमेदवार याच दुसऱ्या जातीचे.

तिसरी गोष्ट समजायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. अनुसूचित जाती, आदिवासी, काही इतर मागास समाज यांच्यात जास्त. एखाद्या उमेदवारानं 'सिकलसेल, एसएस', म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेला, असं लिहिलं की त्यानं फक्त स्वतःची प्रकृती सांगितली नाही. त्याचे आई आणि वडील दोघंही निदान वाहक आहेत आणि त्याची सगळी मुलं निदान वाहक असणार, हेही त्यानं जाहीर करून टाकलं. त्याच्या मुलीचं लग्न जुळवायला कोणी बसलं की शपथपत्राची प्रत आधी फिरेल. आयोगाच्या संकेतस्थळावर ती वर्षानुवर्षं राहते. निवडणूक वडिलांनी लढवायची आणि किंमत मुलीनं मोजायची, असा हा मामला.

असा आजारावरून दरवाजा बंद करणारा कायदा आपल्या देशात प्रत्यक्षात होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग किंवा क्षयरोग असलेल्याला नगरसेवक होता येत नसे. एका निवडून आलेल्या माणसाचं पद त्यावरून गेलं आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कलम वैध ठरवलं. कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो हे तोवर कित्येक वर्षं सिद्ध झालेलं होतं. एकीकडे वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात पुढे कुष्ठरोग झालेल्या ज्या माणसांनी शेती केली, विणकाम केलं, संस्थेचे हिशेब ठेवले, त्यांना तिकडे नगरसेवक होता आलं नसतं. ओडिशानं नंतर ते कलम काढलं. पण आरोग्याचा रकाना कोणत्या दिशेला घसरू शकतो याचं ते उदाहरण डोक्यात राहू द्या.

इथवर वाचून वाटेल की वकीलसाहेब लपवालपवीच्या बाजूचे दिसतात. तसं नाही. आता दुसरी बाजू, आणि तिचा भार मतदारावर पडतो.

तामिळनाडूत मदुराईजवळ तिरुप्परंकुंद्रम नावाचा मतदारसंघ आहे. मे २०१६ मध्ये तिथे जे आमदार निवडून आले ते शपथ घ्यायच्या आधीच वारले. नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली. तेव्हा त्यांच्या पक्षाच्या नेत्या आणि मुख्यमंत्री जयललिता रुग्णालयात होत्या. हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्ष ज्यावर लिहून देतो तो ए आणि बी फॉर्म, ज्याला आपण एबी फॉर्म म्हणतो, त्यावर त्यांच्या सहीऐवजी अंगठ्याचा ठसा होता. तो ठसा नियमाप्रमाणे झाला का, यावरून खटला उभा राहिला आणि मार्च २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ती निवडणूकच रद्द ठरवली. ज्यांची निवड रद्द झाली ते आमदार त्याआधीच, ऑगस्ट २०१८ मध्ये, वारले होते. मे २०१९ ला परत मतदान. तीन वर्षांत तीनदा बोटाला शाई. आमच्या धंद्यात हा किस्सा एबी फॉर्म भरताना हमखास निघतो.

महाराष्ट्रातलं पाहा. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या मतदानाला भाजपचे आजारी आमदार, पुण्यातल्या कसब्याच्या मुक्ता टिळक आणि चिंचवडचे लक्ष्मण जगताप, रुग्णवाहिकेतून मुंबईत आले होते. पक्षानं त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं, ते योग्यच. पण त्या दिवशी कसबा आणि चिंचवडची कामं कोण बघत होतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. दोघंही पुढच्या सहासात महिन्यांत गेले. त्यानंतर पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी गेले. कायदा म्हणतो सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर नका घेऊ. इथे वर्षापेक्षा थोडी जास्तच उरली होती. तरी ती झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये घ्या म्हणून आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि पुणेकर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. नांदेडला तर जून २०२४ मध्ये निवडून आलेले वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्येच वारले. नोव्हेंबरमध्ये लोकांना एकाच दिवशी विधानसभा आणि लोकसभा अशी दोन बटणं दाबावी लागली.

नागपूरहून पांढुर्ण्याच्या रस्त्यानं बैतूल काही लांब नाही. तिथे एप्रिल २०२४ मध्ये मतदानाआधी बसपच्या उमेदवाराचं हृदयविकारानं निधन झालं, आणि २६ एप्रिलचं मतदान ७ मेवर गेलं. याला आधार लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५२. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी गेला तर मतदान पुढे ढकलतात, पक्षाला दुसरा उमेदवार द्यायची संधी मिळते. अपक्ष गेला तर ढकलत नाहीत. माझ्या त्या अपक्षाला हे मी सांगितलं नाही. सणाचा दिवस होता.

या कोणाही माणसानं काही लपवलं असं माझं म्हणणं नाही. मरण सांगून येत नाही. म्हणणं एवढंच की लोकप्रतिनिधीची प्रकृती ही त्याच्या घरच्यांपुरती बाब राहत नाही, तिचे हप्ते मतदारसंघही भरतो.

नागपूरला तर हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे व्हायला हवं. २०२० चं करोनामुळे मुंबईत झालं. २०२१ चं ७ डिसेंबरपासून नागपुरात ठरलं होतं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया १२ नोव्हेंबरला झाली, प्रवास करणं शक्य नव्हतं, आणि अधिवेशन २२ ते २८ डिसेंबर असं मुंबईत झालं. एका माणसाच्या मानेचं दुखणं, पण आमदार निवासासमोरचे चहावाले, सीताबर्डीतली लॉजं, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चा अडतो तिथे पोहे विकणारे, या सगळ्यांचा हंगाम सलग दुसऱ्या वर्षी बुडाला. विदर्भाचे प्रश्न मांडायला वर्षभर थांबलेल्यांचं तर विचारूच नका.

त्या प्रकरणात शस्त्रक्रिया लपवली गेली नव्हती. स्वतः मुख्यमंत्र्यांनीच लोकांना सांगितलं होतं. वाद झाला तो पुढच्या प्रश्नावर: मुख्यमंत्री बरे होईपर्यंत कारभार कोणाकडे? विरोधकांनी दुसऱ्याकडे सूत्रं द्या म्हणून मागणी केली. आणि गंमत अशी की याबाबत आपली घटना काहीच सांगत नाही. राष्ट्रपती आजारी असतील तर उपराष्ट्रपती काम पाहतात, हे कलम ६५ मध्ये आहे. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्यासाठी तसं काही नाही. साधा आमदार परवानगीशिवाय ६० दिवस सभागृहात आला नाही तर त्याची जागा रिक्त जाहीर करता येते, म्हणून आजारी सदस्य रजेचा अर्ज देतात. मुख्यमंत्र्यानं मंत्रालयात किती दिवस यावं याला मात्र मोजमाप नाही. गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या आजारपणात हाच पेच वर्षभर चालला. काय झालंय हे बरेच महिने अधिकृतपणे स्पष्ट झालं नाही. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी स्वादुपिंडाचा कर्करोग आहे असं सांगितलं.

आजार आणि असमर्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुगर, रक्तदाब, बायपास, एक मूत्रपिंड, कृत्रिम पाय यांतलं काहीही असलेला माणूस फाइल वाचू शकतो, लोकांना भेटू शकतो, निर्णय घेऊ शकतो. उलट रिपोर्ट सगळे छान असलेला माणूस कालची बैठक आज विसरत असेल तर तो मतदाराच्या काळजीचा विषय आहे. लोकशाहीला रोगाचं नाव नको असतं. तिला विचारायचं असतं की काम होणार का, आणि मधे खंड पडला तर ते कोण बघणार.

या बाबतीत चांगली उदाहरणं आपल्याकडे आहेत, आणि ती कायद्यानं घडवलेली नाहीत. सुषमा स्वराज यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीच्या एम्समधून स्वतःच ट्विट करून सांगितलं की मूत्रपिंड निकामी झालंय, डायलिसिस चालू आहे, प्रत्यारोपणाच्या चाचण्या चालल्यात. दोन वर्षांनी त्यांनी जाहीर केलं की प्रकृतीमुळे लोकसभा लढवणार नाही. अरुण जेटलींनी मे २०१९ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून मंत्रिपद नको म्हणून कळवलं. शरद पवारांची तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया २००४ मध्ये झाली. ते उघड बोलत राहिले, गुटख्यावर इतरांना सावध करत राहिले, आणि ७८ व्या वर्षी साताऱ्याच्या पावसात भिजत केलेलं भाषण तर सगळ्यांनी पाहिलंय. आजार सांगितला म्हणून लोकांनी त्यांना मोडीत काढलं नाही.

आपले नितीन गडकरी २४ एप्रिल २०२४ रोजी पुसदच्या सभेत बोलता बोलता भोवळ येऊन कोसळले. एप्रिलच्या उन्हात विदर्भात सभा म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. मंडपाखाली उभं राहिलं तरी कानातून वाफ निघते. तो व्हिडिओ काही मिनिटांत मोबाइलवर फिरला आणि गल्लोगल्ली हृदयरोगतज्ज्ञ तयार झाले. थोड्याच वेळात त्यांनी स्वतः लिहिलं की उन्हामुळे त्रास झाला, आता बरा आहे, पुढच्या सभेला वरुडला निघालोय. उमेदवारानं स्वतः लवकर बोलावं ते यासाठी. तो गप्प बसला की त्याच्या वतीनं व्हॉट्सॲप बोलतं.

आणि लवकर बोलताना खरं बोलावं. फ्रान्समध्ये मित्तराँ १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले ते दर सहा महिन्यांनी प्रकृतीचं पत्रक काढू असं आश्वासन देऊन. त्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचं निदान झालं. पत्रकं निघत राहिली, त्यांच्या डॉक्टरांच्या सहीनं, सगळं ठीक असल्याची. देशाला कळलं १९९२ मध्ये. सक्तीचा रकाना आणि ठरलेलं पत्रक यांच्यावर माझा फार विश्वास नाही तो या प्रकरणामुळे. अमेरिकेत कायद्याची सक्ती नाही, नुसता प्रघात आहे. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेननी पत्रकारांना आपल्या वैद्यकीय नोंदींची १,१७३ पानं दाखवली, पण वाचायला दिले तीन तास. दिवाळी अंकही तेवढ्यात वाचून होत नाही.

आपल्याकडच्या मेडिकल बुलेटिनचंही थोडं सांगायला हवं, कारण नेता भरती झाला की आपल्या हाती तेवढंच येतं. 'प्रकृती स्थिर आहे' याचा अर्थ प्रकृती चांगली आहे असा नाही. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन हे सध्या फार हलत नाहीत, एवढाच. व्हेंटिलेटरवरचा माणूसही स्थिर असू शकतो. 'उपचारांना प्रतिसाद देत आहेत' यात प्रतिसाद किती ते नसतं. 'निरीक्षणाखाली' म्हणजे निदान अजून व्हायचंय किंवा सांगायचं नाहीये. बुलेटिनमध्ये बघायच्या गोष्टी दोनच. खाली डॉक्टरची सही आहे की पक्षाच्या प्रवक्त्याची, आणि शुद्धीवर आहेत असं स्पष्ट लिहिलंय का. जयललिता ७५ दिवस रुग्णालयात होत्या. त्या काळातली पत्रकं ओळीनं वाचली तर पत्रकं निघणं आणि माहिती मिळणं यांत केवढं अंतर असतं ते दिसतं.

मला विचाराल तर उमेदवारीच्या शपथपत्रात आजाराचा रकाना नकोच. मात्र जो मुख्यमंत्री किंवा मंत्री होतो त्याच्यासाठी लेखी नियम हवा: ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ भूल, रुग्णालय किंवा घरी विश्रांती असेल तर कोणतं खातं कोणाकडे, हे राजपत्रात छापून यावं. रोगाचं नाव नाही छापलं तरी चालेल. आणि उमेदवार मत मागायला दारात आला की त्याला 'तुम्हाला काय झालंय' असं विचारू नये. 'पाच वर्षं फिरायची तयारी आहे का, आणि मधे अडलं तर तुमच्या कार्यालयात आम्हाला कोण भेटेल' हे विचारायला कोणाच्याही खासगीपणाला धक्का लागत नाही. याचं उत्तर न देणारा उमेदवार ठणठणीत असला तरी मी त्याच्याबद्दल सावध राहीन.

ते अपक्ष उमेदवार पडले, अनामत रक्कम गेली. या उन्हाळ्यात धंतोलीत एका डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये दिसले. मी हात केला, त्यांनीही केला. मांडीवर जाडजूड फाइल होती. समोरच्या बाकावर त्यांच्याच वॉर्डातले दोघं येऊन बसले, तशी त्यांनी फाइल हळूच उलटी केली आणि नावाच्या जागेवर तळहात ठेवला.